खर्चे मास्तरांचे पांढरे उंदीर

खर्चे मास्तरांनी कधी कुठल्या पोराला छडी मारली नाही, तरी मला त्यांची भीती वाटायची. आता या वयात लपवायचं कशाला? मी मुळातच भित्री बाई. पाल चुकचुकली तरी घर डोक्यावर घेणारी. पण मास्तरांची भीती निराळी होती. ते समोरच्या माणसाकडे असे बघत, की आपल्यात काहीतरी बिघडलंय, ते यांना दिसलंय, आणि सांगावं की नाही हे त्यांचं ठरत नाहीये.

खामगावात आमची आणि त्यांची भिंत एक होती. आमचे हे हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे, मास्तर सायन्स. मूळचे मलकापूरकडचे, शेतकऱ्याघरचे. वडील गळ्यात माळ घालणारे, घरात कांदासुद्धा शिजत नसे. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, कॉलेजला जायचं तर नागपूरच. मास्तर तिथून बी.एस्सी. होऊन आले आणि भाषा मात्र जशीच्या तशी घेऊन परत आले. वर्गात पुस्तकी मराठी, घरी अस्सल वऱ्हाडी. भर उन्हाळ्यात अंगात काळा कोट, कानावर पेन्सिल, आणि हाताला कायम कसला तरी औषधी वास.

एक खोड होती त्यांना. कुठलीही गोष्ट 'आहे' असं म्हणायचे नाहीत. 'असं दिसते' म्हणायचे. गल्लीत सगळे त्यांची टर उडवायचे. हे एकदा म्हणाले, मास्तर, पाऊस पडतोय का हो बाहेर? मास्तर ओलेचिंब उभे, आणि म्हणतात, पडून राह्यला असं दिसते. त्यांच्याकडे दूध तपासायची काचेची नळी होती. गवळ्याच्या दुधात ती सोडली, नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, पाणी घातलं असं दिसते. गवळी बेरकी. त्यानं विचारलं, मास्तर, दिसते का आहे? मास्तर म्हणाले, दिसते. मग गवळ्यानं पाणी घालणं काही सोडलं नाही. म्हणाला, ज्या दिवशी 'आहे' म्हणतीन त्या दिवशी पाहू.

हसायचो आम्ही. पण त्यांच्या घरात हसण्यासारखं फार नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, सुमन. सगळे सुमी म्हणत. गोरीपान, हसरी, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारी. सातवं सरत आलं तरी तिला अक्षर येत नव्हतं. पाटीवर काल गिरवलेला 'ग' आज तिला अनोळखी. मास्तर रोज सकाळी तिला घेऊन बसायचे. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, हा कोणता? सुमी म्हणायची, माहीत नाही, बाबा. रागावणं नाही, ओरडणं नाही. पुन्हा तेच, हा कोणता? मला ते ऐकवत नसे. चुलीत लाकूड सारून मी मुद्दाम भांडी वाजवायची. त्यांची बायको गोदाबाई माझी मैत्रीण. ती म्हणायची, माझ्या पोटातूनच अशी आली, माझंच कर्म. उपास करायची, शेगावला पायी जायची, गंडेदोरे बांधायची. मास्तर खाली मान घालून कोटाचं बटण पिळत बसत.

आणि मग एक दिवस ते ब्रँडी आणताना दिसले. माळकऱ्याचा मुलगा, औषधाच्या दुकानातून कोटाखाली बाटली घेऊन येतो! दोन दिवसांत गल्लीभर झालं. मास्तर पितात. पोरगी अशी निपजली, मग काय करील बिचारा. मास्तरांनी कुणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ज्या माणसाला दुधातल्या पाण्याबद्दलही खोटं बोलता येत नव्हतं, त्यानं बेवड्याचा शिक्का मुकाट्यानं लावून घेतला. खरं काय ते त्यांनी फक्त आमच्या ह्यांना सांगितलं, आणि ह्यांनी मला, कुणाला सांगशील तर याद राख अशा धमकीसकट.

सुमी आठव्या महिन्यातली. जन्मली तेव्हा मुठीएवढी, रडायचंसुद्धा बळ नव्हतं. गोदाबाई तापानं बेशुद्ध होती. तेव्हाची रीत म्हणजे अशा पोराला पिंजलेल्या कापसात गुंडाळून ठेवायचं आणि दुधातून ब्रँडीचे थेंब द्यायचे. डॉक्टरही तेच सांगत, सुईणही तेच. ते थेंब मास्तरांनी स्वतःच्या हातानं पाजले. पोरगी जरा निळी दिसली की थेंब, जरा गार लागली की थेंब. डॉक्टरांनी बंद करा म्हटल्यावरही कितीतरी दिवस पाजत राहिले, कारण थांबवलं आणि पोरगी गेली तर? पोरगी वाचली. आणि आता तिला 'ग' ओळखता येत नव्हता. ते थेंब तिच्या डोक्याला भोवले का, हा किडा मास्तरांच्या डोक्यात शिरला होता. गोदाबाई स्वतःला दोष देत होती आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला सांगायच्या आधी मास्तरांना स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

म्हणून उंदीर. नागपूरच्या कॉलेजातल्या कुणा मित्रानं रेल्वेनं पाठवले. जलंबला गाडी बदलून टोपली खामगावात आली. पांढरे शुभ्र, डोळे लाल. मी पहिल्यांदा पाहिले आणि अंगावर काटा आला. गोदाबाईला सांगितलं शाळेचा प्रयोग आहे. मागच्या पडवीत जाळीच्या पेटाऱ्यांत त्यांचा संसार थाटला. पिलं झाली की मास्तर अर्धी पिलं बाजूला घेऊन डोळ्यांत औषध घालायच्या नळीनं त्यांना दुधातून ब्रँडी पाजत, अर्ध्यांना नुसतं दूध. पुन्हा आईजवळ ठेवत. मोठी झाली की एका लाकडी खोक्यात सोडत. त्यात बांबूच्या पट्ट्यांनी गल्ल्या केल्या होत्या. एकच वाट भाकरीच्या तुकड्यापाशी जायची, बाकीच्या सगळ्या बंद.

एकदा मी ते पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. दुपारची वेळ. मी विरजण मागायला गेले होते. नुसत्या दुधावरचा उंदीर खोक्यात सोडला, तो इकडेतिकडे हुंगत सरळ भाकरीपाशी. आता दुसरा सोडला. तो बंद गल्लीत शिरला, भिंतीला नाक लावलं, मागे फिरला, आणि पुन्हा त्याच गल्लीत. पुन्हा भिंतीला नाक. पुन्हा मागे. पुन्हा तीच गल्ली. किती वेळ! मला वाटलं, आता शिकेल, आता शिकेल. सुमी शेजारी उकिडवी बसून पाहत होती. तिनं टाळ्या पिटल्या आणि म्हणाली, बाबा, याले येतच नाही. मग त्या उंदराला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, हा माझा. मास्तरांचा चेहरा मी पाहिला नाही. विरजण न घेताच मी घरी पळाले.

मला तेव्हा दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून मी पावलागणिक भीत होते. त्या लाल डोळ्यांचं मला स्वप्न पडायचं.

पौषात सुमीचा तो उंदीर मेला. तिनं तो परकराच्या ओच्यात घालून गल्लीत आणला आणि रडत दारोदार दाखवत फिरली, माझा उंदीर उठत नाही. झालं! तुम्हा आजकालच्या लोकांना कळायचं नाही. त्या काळी वऱ्हाडात घरात उंदीर पडला म्हणजे एकच अर्थ, प्लेग. काळा उंदीर काय नि पांढरा काय! बायकांनी छाती पिटायला सुरुवात केली. मास्तर धावत बाहेर आले, दारोदार सांगू लागले की हा रोगानं नाही मेला, ब्रँडीनं मेला असं दिसते. दिसते! जिवावर बेतल्यावर दिसते कोण ऐकून घेतो? आणि उंदराला ब्रँडी कोण पाजतो? पिऊन बरळतोय म्हणाले लोक. म्युनिसिपल कमिटीची माणसं आली, पेटारे उचलले, लहानमोठे सगळे उंदीर मारून रॉकेल ओतून जाळले. प्रयोग अर्ध्यात राहिला. मास्तर पडवीत उभे होते, एका शब्दानं अडवलं नाही.

संध्याकाळच्या आत गल्ली रिकामी झाली. गावाबाहेर माळावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या आणि बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या पडल्या. आमची झोपडी आणि मास्तरांची झोपडी शेजारीशेजारीच. बाकी कुणी त्यांच्याजवळ यायला तयार नव्हतं. थंडी अशी की सकाळी घागरीतल्या पाण्याला हात लावला तर चटका बसावा. सामान वाहून, जमिनीवर निजून माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सातवा महिना नुकता सरला होता. मी ओरडत होते, आत्ता नको, आत्ता नको. पोटातलं पोर काय आपलं ऐकतं?

उन्हं वर आली तेव्हा मुलगी झाली. उलटं धरून थापट्या मारल्या तेव्हा कुठे मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, आणि गोदाबाई आत होत्या. ह्यांनी टांगा पाठवून डॉक्टरांना आणलं. त्यांनी दारातूनच पाहिलं, मान हलवली, म्हणाले, ऊब द्या आणि ब्रँडीचे थेंब द्या, राहिली तर राहील. बाटलीही दिली. आत्याबाईंनी कापूस पिंजून ठेवलाच होता. त्यांनी चमच्यात दूध घेतलं आणि बाटलीचं बूच काढलं.

तेवढ्यात तट्ट्याच्या बाहेरून आवाज आला, "आत्याबाई, नका देऊ."

मास्तर होते. बाळंतिणीच्या झोपडीत परका पुरुष पाऊल टाकत नाही, म्हणून तट्ट्याला तोंड लावून बोलत होते. आत्याबाई फटकळ. म्हणाल्या, तुमच्या उंदरांपायी माही सून मातीत बाळंत झाली, अन् आता औषध देऊ नका म्हणता? मास्तर म्हणाले, ते औषध पोरीच्या डोक्यात जाते असं दिसते. आत्याबाईंनी बाटली तशीच हातात धरून विचारलं, "दिसते नका सांगू. पक्कं सांगा. हे नाई देल्लं तं पोरगी वाचीन?"

 पऱ्हाट्यांतून मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. खोटं बोलले असते तर किती सोपं होतं. पण म्हणाले, "वाचीन का नाई, मले नाई माहीत. म्या सुमीले पाजली, आत्याबाई. माह्या हातानं. सांगतली त्याच्यापेक्षा जास्त पाजली. मले भेव वाटे. पोरगी तिच्या आईच्या पोटातून तशी नाई आली. म्या केली."

गोदाबाई माझ्या पायाशी बसून चिंध्या पिळत होती. तिचे हात थांबले.  तिनं तट्ट्याकडे पाहिलं नाही. सात वर्षांचे उपास, गंडे, सगळं तिच्या तोंडावरून सरकत गेलेलं मी पाहिलं. मग तिनं चिंधी पिळून वाळत टाकली.

बाहेरून मास्तर पुन्हा बोलू लागले, आता घाईघाईनं. म्हणाले, उंदरीण पिलांना अंगाखाली घेते. मी काढून घेतलेली पिलं कापसात ठेवली तरी गार पडत, आणि तिच्या अंगाखाली गेली की लाल होत. पोरीला कापसात नका ठेवू. आईच्या उघड्या अंगावर ठेवा, वरून कापूस. दूध थेंबथेंब द्या, आईचंच. त्याशिवाय मला काही येत नाही.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या एवढ्या करारी बाई, पण हे त्यांनी माझ्यावर टाकलं. मी अशी भित्री, उभ्या जन्मात कधी एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली नव्हती. भाजीत मीठ किती हेही विचारून टाकणारी. ब्रँडी दिली तर कदाचित जगेल आणि सुमीसारखी होईल. नाही दिली तर कदाचित जाईलच. सुमीसारखी झाली तर काय वाईट, असंही मनात आलं, देवाशपथ. जिवंत तर असेल. मग डोळ्यांपुढे तो उंदीर आला, भिंतीला नाक लावलेला. मी चोळी सोडली आणि म्हटलं, तिला माझ्याजवळ द्या.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ती गार पडली की माझं काळीज बंद पडायचं. बाटली उशाशीच होती. किती वेळा हात गेला तिच्याकडे! गोदाबाई हात धरायची. नवऱ्याशी ती बोलत नव्हती, पण त्याच्या सांगण्याप्रमाणे माझ्या मुलीला थेंबथेंब दूध पाजत होती. मास्तर दिवसभर तट्ट्याबाहेर बसून असायचे. लोक म्हणत, पाहा, लाज वाटून राह्यली. अधूनमधून ते विचारायचे, लाल आहे का? आतून कुणीतरी सांगायचं, लाल आहे. एवढंच बोलणं. मुलगी जगली, तिचं नाव छबी ठेवलं. प्लेग काही आला नाही. होळीच्या आधी आम्ही घरी परतलो.

वाटलं, सुटलो. कशाची सुटका! आता निराळीच भीती सुरू झाली. छबी बसायला उशिरा लागली, मी घाबरले. बोलायला उशीर झाला, मी घाबरले. आणि या सगळ्यावर मास्तरांचे डोळे. ते येता-जाता तिच्याकडे बघायचे. कधी कडेवर घेतलं नाही, कधी गालाला हात लावला नाही. दारात उभे राहून विचारायचे, किती शब्द बोलते? जिना चढते का? हात कोणता पुढं करते? मी उत्तरं द्यायची आणि आत जाऊन रडायची. उंदीर जळाले होते, अर्धा प्रयोग राहिला होता, आणि तो माझ्या घरात रांगत होता. त्यांच्या उपकारांखाली मी दबलेली, तोंड कसं उघडणार? पण ते गल्लीच्या टोकाला दिसले की मी छबीला आत ओढायची.

गोदाबाई हळूहळू नवऱ्याशी बोलायला लागली. उपास मात्र सोडले. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, आता कोणासाठी करू, माहं पाप नव्हतंच. असं म्हणून इतकी रडली की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

छबी पाच वर्षांची झाली तेव्हा मास्तरांच्या बदलीचा हुकूम नागपूरहून आला. बाडबिस्तरा बांधून झाला. निघायच्या दिवशी सकाळी ते सुमीचा हात धरून निरोप घ्यायला आले. पहिल्यांदाच आमच्या ओसरीवर बसले. सुमी आता चांगली उंच झाली होती, छबी तिची लाडकी. छबी पाटी घेऊन खेळत होती. मास्तरांनी पाटी मागितली.  मी अजून तिला शिकवायला बसवलं नव्हतं. खरं सांगायचं तर भिऊन बसवलंच नव्हतं. मास्तरांनी पाटीवर 'ग' काढला आणि म्हणाले, हा 'ग'. पुसला. मग चार-पाच अक्षरं काढली आणि विचारलं, आता त्यात 'ग' कोणता?

छबीनं लगेच बोट ठेवलं. त्यांनी अक्षरांच्या जागा बदलल्या. तिनं पुन्हा बोट ठेवलं. मग खडू त्यांच्या हातातून घेऊन तिनं स्वतःच एक काढला, वाकडातिकडा, पण 'ग'च.

माझ्या डोळ्यांना धार लागली. पाच वर्षांची भीती एका दमात उतरली. मी हात जोडले, म्हटलं, मास्तर, तुमच्यामुळे. ते पाटीकडेच पाहत होते. मग फार हळू, मलाच ऐकू येईल असं बोलले.

"हात नका जोडू, वहिनी. इतके वर्षं देवाजवळ मी काय मागून राह्यलो होतो, माहीत आहे? हिले येऊ नये. ब्रँडीबिगर वाढूनही हिले नाई आलं असतं, तं दोष ब्रँडीचा नाई, माहा हात सुटला असता."

मी छबीला ओढून पदराखाली घेतलं. ज्या माणसानं माझी मुलगी राखली, त्याच्यापासून मी तिला लपवलं. ते त्यांनी पाहिलं, आणि मान डोलावली, बरोबर केलं म्हटल्यासारखी.

सुमीला यातलं काही कळलं नाही. ती टाळ्या पिटत उठली, तिचा चेहरा नुसता फुलला होता. "बाबा, आपल्या छबीले येते!"

"हो बाई," मास्तर म्हणाले, "येते."

ते उठले. ओसरीच्या पायरीवर उभे राहून वहाणा शोधू लागले. वहाणा समोरच होत्या, पण त्यांना दिसेनात. मी सांगणार, तेवढ्यात सुमी खाली वाकली. तिनं दोन्ही वहाणा उचलल्या आणि डावी डाव्या पायाशी, उजवी उजव्या पायाशी नीट लावून ठेवल्या.